कॉलेजातला कॉर्नरबॅक ड्राफ्टआधी ओळखायचा कसा?

नोव्हीकर
राम राम मंडळी. इथे अमेरिकन फुटबॉलवर धागा काढतोय, म्हणजे टोमॅटो झेलायची तयारी ठेवलेलीच आहे.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: समोरच्या संघाचा चेंडू झेलणारा गडी म्हणजे रिसीव्हर. त्याला मैदानाच्या कडेला एकट्याने रोखायचं काम कॉर्नरबॅकचं. रिसीव्हरला कुठे वळायचं ते आधीच ठाऊक असतं, कॉर्नरला नसतं. वर त्याने सुरुवात करायची ती उलटं धावत. एनएफएल म्हणजे इथली व्यावसायिक लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिचे संघ दर एप्रिलला आळीपाळीने, फेऱ्याफेऱ्यांनी कॉलेजातली पोरं निवडतात तो सोहळा.

आता मूळ दुखणं. आमच्या ऑफिसात एक पैज असते. दरवर्षी एनएफएल ड्राफ्टच्या आधी प्रत्येकाने चिठ्ठी काढायची, चिठ्ठीत जी पोझिशन येईल तिचा एक कॉलेज खेळाडू निवडायचा. तीन वर्षांनी कुणाचा गडी टिकला ते बघायचं. ज्याचा पार बुडाला त्याने सगळ्यांना जेवायला घालायचं. २०२० साली मला कॉर्नर आला. मी डोळे मिटून जेफ ओकुडा लिहिला. ओहायो स्टेटचा, उंचापुरा, आणि आमच्याच डेट्रॉइट लायन्सनी त्याला तिसऱ्या नंबरवर उचलला. मी आनंदाने पेढे वाटले होते. २०२१ च्या पहिल्याच सामन्यात त्याची टाचेवरची शीर तुटली आणि २०२३ मध्ये लायन्सनी त्याला पाचव्या फेरीतल्या एका पिकवर (निवडीच्या हक्कावर) अटलांटाला देऊन टाकला. जेवण मी घातलं. २३ जण होते.

यंदा चिठ्ठीत परत कॉर्नर आलाय. कॉलेजचा मोसम आत्ताच सुरू झालाय, एप्रिलपर्यंत वेळ आहे. तर जाणकारांनो, बघायचं काय? वेग? उंची? इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्याचा पास मध्येच पळवणं?

चष्मेबद्दूर
'कॉर्नर' वाचून मला वाटलं बाणेरच्या प्लॉटबद्दल धागा आहे. निराशा झाली. चालू द्या.

मिरजेचा_पैलवान
खेळ कळत नाही, पण पेढे आधी वाटायचे नसतात एवढं कळतं.

कोलंबसचे_आजोबा
नोव्हीकर, ओकुडाचं नाव काढलंत म्हणून लिहितो. मी त्याचे कॉलेजातले सामने इथे मैदानात बसून पाहिलेत. मुलगा चांगलाच होता. पण तेव्हा सगळ्यांच्या नजरेतून निसटलेली एक गोष्ट सांगतो. २०१९ च्या त्या संघात चेस यंग होता. त्या मोसमात त्याने साडेसोळा सॅक काढले, म्हणजे तितक्या वेळा क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्या गड्याला) चेंडू हातात असतानाच लोळवलं. २०२० च्या ड्राफ्टमध्ये यंग दुसरा गेला आणि ओकुडा तिसरा.

आता विचार करा. समोरचा क्वार्टरबॅक जीव मुठीत धरून चेंडू फेकतोय. कॉर्नरला रिसीव्हरच्या मागे किती वेळ राहावं लागणार? दोन-अडीच सेकंद. एनएफएलमध्ये गेलात की तेच काम कधीकधी साडेतीन-चार सेकंदही करावं लागतं, आणि त्या शेवटच्या सेकंदातच सगळं हरतं. म्हणून मी कॉर्नर बघताना घड्याळ लावतो. पोरगा चांगला आहे की त्याच्या पुढची फळी चांगली आहे, हे आधी वेगळं करायचं.

फिलीकर_सुमेध
आजोबा, +१.

इंटरसेप्शनबद्दल माझं मत: त्या आकड्याकडे ढुंकूनही बघू नका. इमॅन्युएल फोर्ब्स घ्या. मिसिसिपी स्टेटला १४ इंटरसेप्शन, त्यातले ६ थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे समोरच्याच्या शेवटच्या रेघेपलीकडे, परत नेले. तो कॉलेज फुटबॉलचा विक्रम आहे. २०२३ मध्ये वॉशिंग्टनने त्याला १६ व्या नंबरवर घेतलं. कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचणीत) वजन भरलं १६६ पाउंड. किलोमध्ये ७५! आमच्या ईगल्सच्या तेव्हाच्या ए. जे. ब्राउनसारख्या दांडग्या रिसीव्हरसमोर तो उभा राहिला की बघवत नव्हतं. २०२४ चा मोसम संपायच्या आत वॉशिंग्टनने त्याला मोकळं केलं. आणि त्याच्या लगेच पुढच्या नंबरवर, १७ वर, पेट्रियट्सनी घेतला तो क्रिस्टियन गॉन्झालेस. आज कुणाचा कॉर्नर हवाय विचारलं तर वॉशिंग्टनवाले काय सांगतील?

उलट बाजू बघा. आमचा क्विन्यॉन मिचेल. २०२४ च्या पहिल्या फेरीत २२ वा. पहिल्या वर्षी साखळी सामन्यांत त्याच्या नावावर इंटरसेप्शन किती? शून्य. पण त्याच्या बाजूला चेंडू टाकायला क्वार्टरबॅक कचरायला लागले होते.

नागपुरी_संत्रं
कायले एवढं डोकं लावता बे. ७५ किलोचा पोट्टा अन् समोर सव्वाशे किलोचा बैल, कोण जिंकन हे सांगाले ड्राफ्ट लागते का?

फिलीकर_सुमेध
@नागपुरी_संत्रं, सव्वाशे नाही, शंभरच्या आसपास. पण मुद्दा पोचला. :)

ह्यूस्टनची_सई
फोर्ब्सवर जरा अन्याय होतोय. तो नंतर लॉस एंजेलिसच्या रॅम्सकडे गेला आणि २०२५ मध्ये तिथे खेळला. अजून तरुण असलेल्या पोराला 'बुडाला' म्हणायची एवढी घाई का?

आणि आकडे बघू नका म्हणता, तर मग सॉस गार्डनरचं काय? सिनसिनाटीत तीन वर्षं खेळला, त्याच्यावर एकही टचडाउन पास झाला नाही. २०२२ मध्ये चौथा गेला आणि पहिल्याच वर्षी बचावातला सर्वोत्तम नवोदित ठरला. आकडा खरा निघाला की.

कोलंबसचे_आजोबा
सई, गार्डनरचंच उदाहरण पुढे नेतो, कारण त्यात गंमत आहे. २०२१ मध्ये देशातल्या सर्वोत्तम बचावपटूचा, म्हणजे डिफेन्सिव्ह बॅकचा, जिम थॉर्प पुरस्कार कुणाला मिळाला? गार्डनरला नाही. त्याच संघातल्या दुसऱ्या बाजूच्या कोबी ब्रायंटला. गार्डनरकडे कुणी चेंडू टाकेना, मग सगळे ब्रायंटकडे टाकणार. जिकडे चेंडू जातो तिकडेच आकडे साठतात. ब्रायंट चौथ्या फेरीत गेला आणि पुढे सिअॅटलला सेफ्टी (मागे मधोमध राखण करणारा) खेळला. दोघांचे नुसते तक्ते शेजारी ठेवले असते तर कुणाला घेतलं असतंत?

चष्मेबद्दूर
म्हणजे यष्टिरक्षकासारखंच. दिवसभर धड काम केलं तर नाव नाही, एक बाय गेली की सगळं स्टेडियम ओळखतं.

ह्यूस्टनची_सई
@आजोबा, हे माहीत नव्हतं. मुजरा.

शेवंता
मी फिजिओथेरपिस्ट आहे. खेळाची तज्ज्ञ नाही, नवऱ्यामुळे रविवार याच्यात जातात. दोन गोष्टी.

एक, नोव्हीकर, कृपया 'टाचेवरची शीर' म्हणू नका. शिरेत रक्त असतं. ते अकिलीस टेंडन आहे, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारा दोर. उलटं धावता धावता एकदम पुढे झेप घ्यायची तर सगळा भार त्याच्यावर येतो. इतर खेळाडूही त्यातून परत येतात, पण कॉर्नरचं पोट ज्या झटक्यावर चालतं तोच झटका आधी कमी होतो. त्यामुळे ओकुडाची निवड 'चुकली' म्हणणं मला पटत नाही. त्याला नशिबाने दगा दिला.

दोन, इंडियानापोलिसचं ते कंबाइन टीव्हीवर धावण्याची शर्यत म्हणून दाखवतात. संघ तिथे मुळात जातात ते वैद्यकीय तपासणीसाठी. सगळ्या संघांचे डॉक्टर एकाच ठिकाणी त्या पोरांचे गुडघे, खांदे, घोटे दाबून बघतात. मिशिगनचा विल जॉन्सन पहिल्या फेरीत जाणार असं सगळे म्हणत होते. गुडघ्याबद्दल शंका निघाली आणि २०२५ मध्ये तो थेट ४७ वर घसरला. आपण घरी बसून कितीही व्हिडिओ बघितले तरी तो अहवाल आपल्याला दिसत नाही.

मिरजेचा_पैलवान
ताई बरोबर बोलल्या. बैल घेताना दात बघतात, खूर बघतात, पण जाणता माणूस आधी बैल चालवून बघतो.

नोव्हीकर
@शेवंता, शीर मागे घेतली. :) पण नशीबच म्हणायचं तर पैज कशाला लावायची? बरं, वेगाचं काय? चाळीस यार्डाची धाव?

क्लीव्हलंडचा_दुखी_आत्मा
वेगाबद्दल आम्हाला विचारा. आमची जखम ओलीच आहे.

२०१० मध्ये ब्राउन्सनी सातव्या नंबरवर जो हेडन घेतला. कंबाइनमध्ये चाळीस यार्ड पळाला ४.५७ सेकंदांत. कॉर्नरसाठी हा आकडा म्हणजे कपाळाला हात. लोकांनी शिव्या घातल्या. हेडन पुढे कित्येक वर्षं आमच्या बचावाचा कणा होता, 'प्रो बोल' या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला.

२०१४ मध्ये आठव्या नंबरवर घेतला जस्टिन गिल्बर्ट. ४.३७ सेकंद! दोन मोसमांत खेळ खल्लास, पिट्सबर्गला देऊन टाकला. एकच संघ, जवळजवळ तोच नंबर, आणि घड्याळाने दोन्ही वेळा उलटंच सांगितलं. २०२२ मध्ये केलन बार्न्स नावाचा मुलगा ४.२३ पळाला, तोही सातव्या फेरीपर्यंत शिल्लक होता. म्हणजे निदान संघांना तरी अक्कल आली असावी. आम्हाला सोडून.

फिलीकर_सुमेध
वेग लागतोच हो, फक्त चाळीस यार्ड सरळ पळायची वेळ कॉर्नरवर येते कधी? आली तर तो आधीच हरलेला असतो. खरी परीक्षा कंबर वळवण्याची. उलटं पावलं टाकत असताना रिसीव्हर अचानक डावीकडे फुटला, तर याची कंबर एका हिसक्यात वळते का, की आधी सरळ उभा राहतो आणि मग वळतो? त्या मधल्या पावलात दोन यार्ड जातात.

मिरजेचा_पैलवान
थांबा थांबा. आता मला कळायला लागलं. हे तर कबड्डीतल्या कॉर्नरचं काम झालं की! आमच्याकडे पण डावा कोपरा, उजवा कोपरा असतोच. चढाईवाला हातवारे करतो, मान हलवतो, डोळे फिरवतो, सगळं खोटं. वस्ताद सांगायचे, त्याच्या कमरेवर नजर ठेव. माणूस डोळ्यांनी खोटं बोलेल, कंबर खोटं बोलत नाही. आणि घाई करून आधीच सूर मारला की पॉइंट गेला. गिरीश एर्नाकचे जुने सामने काढून बघा, घोटा धरायला किती वेळ थांबतो ते. लई शिकण्यासारखं आहे.

कोलंबसचे_आजोबा
पैलवान, तुम्ही इथल्या कोचची नोकरी घ्या. हेच शिकवतात, शब्दही तेच. रिसीव्हर थांबल्यासारखं करतो, कॉर्नर झेप घेतो आणि तो पुढे निसटतो. तुमचा घाईतला सूर तोच हा.

आता नियमांबद्दल लिहितो, थोडं लांबेल. पण लोक इथेच फसतात. कॉलेज आणि एनएफएल हे दोन वेगळे खेळ आहेत, निदान कॉर्नरसाठी तरी.

कॉलेजात चेंडू हवेत जाईपर्यंत कॉर्नर रिसीव्हरला बऱ्यापैकी ढकलू शकतो. एनएफएलमध्ये पाच यार्डांच्या पुढे हात लावला की पंचांचा पिवळा झेंडा, म्हणजे दंड, आणि समोरच्याला फुकटचा फर्स्ट डाउन (पुढे सरकायच्या संधी नव्याने). दुसरं, पास हवेत असताना रिसीव्हरला अडवलं तर कॉलेजात दंड जास्तीत जास्त १५ यार्डांचा. एनएफएलमध्ये जिथे अडवलं तिथेच चेंडू. ४५ यार्ड पुढे असेल तर ४५ यार्ड गेले. त्यामुळे कॉलेजातला हुशार कॉर्नर हरतोय असं दिसलं की सरळ रिसीव्हरला मिठी मारतो. १५ यार्डांत सुटका. ती सवय घेऊन वर गेला की मेला.

तिसरी गोष्ट मैदानावरच्या आखणीची. चेंडू ठेवायच्या त्या दोन आतल्या रेघा कॉलेजात एकमेकींपासून ४० फूट लांब असतात, एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा फूट. मैदान १६० फूट रुंद. म्हणजे कॉलेजात चेंडू एका रेघेवर असेल तर एका बाजूला राहतात ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १००. पुष्कळ कॉलेजं एक कॉर्नर कायम अरुंद बाजूला ठेवतात. तिथे कडेची रेघ हीच त्याची जोडीदार. एनएफएलमध्ये दोन्हीकडे किमान सत्तरेक फूट असतात. म्हणून मी आधी बघतो, हा पोरगा ६० फुटांच्या गल्लीत खेळतो की १०० फुटांच्या मैदानात.

एक गोष्ट मात्र कॉर्नरच्या बाजूने पडते. कॉलेजात एक पाय आत असला तरी झेल धरतात, एनएफएलमध्ये दोन लागतात. कडेला ढकलणाऱ्याला तेवढंच सुख.

ह्यूस्टनची_सई
हे वाचून टेरियन अर्नोल्ड आठवला. पहिल्या वर्षी सुरुवातीला त्याच्यावर किती पिवळे झेंडे पडले होते!

नोव्हीकर
अर्नोल्डचं नाव काढू नका, तो आपला आहे. :) २०२४ चा ड्राफ्ट डेट्रॉइटलाच होता. तीन दिवसांत पावणेआठ लाख माणसं. मी पोराला खांद्यावर घेऊन उभा होतो. लायन्सनी २९ वरून २४ वर उडी मारून अर्नोल्ड घेतला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली. झेंडा नाही पडला.

दादरकर_१९७१
मराठी संकेतस्थळावर हे असले धागे कशाला? कबड्डी, खो-खो काय कमी आहेत? जिथे राहता तिथलेच गोडवे गायचे तर तिथेच गा.

चष्मेबद्दूर
कबड्डी चार प्रतिसाद वर आली, आपण वाचली नाहीत. हलकेच घ्या.

दादरकर_१९७१
(प्रतिसाद काढून टाकला आहे.)

फिलीकर_सुमेध
अजून एक मुद्दा राहिला, आणि त्याची फी आम्ही फिलीकरांनी भरलीय. खेळाडू आणि पद्धत यांची सांगड. नामडी असोमुआ ओकलंडला एका बाजूला उभा राहून समोरच्याला अंगाला अंग लावून खेळायचा. एवढा भारी की त्याच्याकडे चेंडूच जात नसे. २०११ मध्ये आम्ही त्याला मोठ्या पैशाने आणला आणि त्याला जागा राखायला, आत-बाहेर फिरायला लावलं. दोन वर्षांत परत पाठवला. त्यातून शिकलो का? नाही. २०१५ मध्ये सिअॅटलचा बायरन मॅक्सवेल आणला. सिअॅटलमध्ये तो एका मशीनचा भाग होता, इथे सुटा झाला. एका मोसमात निरोप.

त्याच सिअॅटलने २०११ च्या पाचव्या फेरीत, १५४ वा, रिचर्ड शर्मन घेतला होता. स्टॅनफर्डला आधी रिसीव्हर, मग कॉर्नर झालेला, सहा फूट तीन इंच, धावायला मध्यम. पाचव्या फेरीत का राहिला? सगळे त्याला भरधाव पळणाऱ्यांच्या फूटपट्टीने मोजत होते. सिअॅटलला हवे होते लांब हात आणि खोल राखण. तीन वर्षांत सुपर बोल.

म्हणून नोव्हीकर, पैजेत खरं तर खेळाडूचं नाव लिहायच्या आधी तो कुठल्या संघात जाईल ते कळायला हवं.

नागपुरी_संत्रं
हाव, पोरगी कशी आहे त्यापेक्षा सासर कसं आहे ते पहा.

शेवंता
संत्रं, पोरगा कसा आहे तेही बघा म्हणावं.

क्लीव्हलंडचा_दुखी_आत्मा
म्हणजे आमच्याकडे आला तर बुडाला. लिहून ठेवा.

(एक मात्र कबूल, डेन्झेल वॉर्ड २०१८ ला चौथा घेतला तो लागला. आंधळ्या कोंबडीलाही दाणा सापडतो.)

ह्यूस्टनची_सई
मला विचाराल तर इतकं करूनही अर्धा जुगारच आहे. आमचा स्टिंगली बघा. एलएसयूला (लुइझियाना स्टेटला) २०१९ मध्ये पहिल्याच वर्षी ६ इंटरसेप्शन, संघ अजिंक्य. पुढची दोन वर्षं दुखणी, पायाची शस्त्रक्रिया. २०२२ ला ह्यूस्टनच्या टेक्सन्सनी तिसऱ्या नंबरवर घेतला तेव्हा लोक म्हणाले, तीन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर एवढा मोठा पिक? २०२४ मध्ये पहिल्या ऑल-प्रो संघात, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, आला. आजोबांचं घड्याळ आणि सुमेधची कंबर दोन्ही लावून बघितलं असतं तरी २०२१ चा स्टिंगली बघून कुणी हो म्हटलं नसतं. मी तर म्हणेन, पोराने आयुष्यात एकदा जे करून दाखवलंय ते त्याच्यात आहे. मधली वर्षं माफ करायची.

कोलंबसचे_आजोबा
सई, हे मान्य. मीही २०२१ चा स्टिंगली बघून नाक मुरडलं होतं.

नोव्हीकर, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. टीव्हीवर कॉर्नर शिकता येत नाही. कॅमेरा चेंडूमागे असतो. चेंडू सुटायच्या आधी कॉर्नर चौकटीबाहेर गेलेला असतो आणि चेंडू पोचला की आपल्याला फक्त शेवट दिसतो. तुमच्यापासून अॅन आर्बर अर्ध्या-पाऊण तासावर आहे (ओहायोवाल्याच्या तोंडून हे येतंय याची नोंद घ्या). लाखाच्या वर माणसं बसतात तिथे. सगळ्यात वरचं, गोलपोस्टच्या मागचं तिकीट काढा आणि एकाच कॉर्नरवर डोळे लावा. विशेषतः त्याच्यावरून एक मोठा पास झाल्यानंतर तो पुढच्या डावाला कुठे उभा राहतो ते बघा. दोन यार्ड मागे सरकला की समजा, डोक्यात भीती बसली.

नोव्हीकर
आजोबा, ठरलं. पोराला घेऊन जातो.

नोव्हीकर
(तीन आठवड्यांनंतर)

धागा वर काढतोय. काल जाऊन आलो. वरून पाचवी रांग, गोलपोस्टच्या मागे, ऊन थेट डोळ्यांत. पाहुण्यांचा एक कॉर्नर निवडला, ज्याचं नाव सगळ्या याद्यांत वर आहे. इथे लिहीत नाही, पैज आहे.

अख्खा सामना चेंडू बघितला नाही. पोराने चार वेळा विचारलं, "बाबा, टाळ्या कशासाठी वाजल्या?" चार वेळा म्हणालो माहीत नाही. पहिल्या अर्ध्यात तो कॉर्नर बहुतेक अरुंद बाजूला होता, आजोबा म्हणाले तस्सा. कंबर छान वळत होती. दोनदा रिसीव्हरचा शर्ट धरला, पंचांनी बघितलं नाही, मी बघितलं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याला रुंद बाजूला जावं लागलं आणि समोरच्याने थांबल्यासारखं करून त्याला मागे टाकलं. पैलवान, अगदी तुमचा घाईतला सूर! पुढच्या डावाला तो तीन यार्ड मागे उभा होता. त्याच्या पुढच्याला चार.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, कोण जिंकलं? आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. फोन काढून बघावं लागलं.

मिरजेचा_पैलवान
नाद खुळा! मग चिठ्ठीवर त्याचंच नाव का दुसरं?

नोव्हीकर
रिसीव्हर आलेला सहकारी चिठ्ठी बदलायला तयार आहे का, ते उद्या विचारतो. ज्याने त्याला मागे टाकलं ना, तो काय सुंदर पळतो हो.